हायेसच्या डाव्या सीटवर रेखा

रियाधमध्ये बाकीच्या बायका मॉलमधल्या सोन्याच्या दुकानांपुढे रेंगाळत, तेव्हा रेखा बाहेर पार्किंगमध्ये गाड्या बघत उभी असे. तिच्या वडिलांची बार्शीला मालाची मेटॅडोर होती. घरात मुलगा नाही, म्हणून त्यांनी हिलाच चालवायला शिकवलं. लग्नाआधी तिने बार्शी-लातूर रस्त्यावर कांद्याची पोती वाहिली होती. इथे बाईने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, कायदाच तसा. रेखाने त्यावर कधी कुरकुर केली नाही. "देवाने इथे आणलंय, तर इथल्यासारखं राहायचं," म्हणे, आणि उजवीकडच्या सीटवर अंगभर काळा अबाया आवरून बसे.

तिचा नवरा उदय बँकेत कॉम्प्युटरचं काम बघे. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा त्याने एक जुनी हायेस व्हॅन घेतली. अल सुलै भागातल्या गाड्यांच्या एका यार्डात मागच्या सीटा काढवल्या, गादी टाकली, पडदे लावले, शेगडी आणि साखर-चहाचे डबे मांडले. गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीत दोघं त्यात संसार भरून निघत.

"युरोपात लोक अशाच गाडीत महिने काढतात," उदय मोठ्या ऐटीत सांगे.

"काढत असतील. तिकडे नवरा दमला की बायको चालवते."

"टोमणा कळला हं!"

रेखा रस्ते बघे. धाहरानकडे कंपनीच्या बसेस एकामागे एक, शाळेतल्या मुलांसारख्या रांगेत. बुरैद्याकडे पांढऱ्या पिकअप, मागे मेंढ्या नाहीतर गुडघे मुडपून बसलेला एखादा उंट, मान वर करून चाललेला, जणू गाडी त्याच्याच बापाची. काळ्या काचांच्या लांबलचक सबर्बन गाड्या आणि पाण्याचे टँकर. कडेला फुटलेल्या टायरांच्या काळ्या साली पडलेल्या, मेलेल्या सापांसारख्या. त्या दिसल्या की रेखा मनातल्या मनात रामरक्षेची एक ओळ म्हणे. तिकडच्या गाड्यांना एकशेवीसच्या वर वेग गेला की टिंग-टिंग घंटी वाजते. उदयची घंटी सारखी वाजायची. त्या घंटीवर रेखाला झोपसुद्धा लागे.

त्या शुक्रवारी संकष्टी होती. बुरैद्याच्या बाजारातून दोघं दुपारी उशिरा परत निघाले. उदय संकष्टीला चंद्रोदयापर्यंत नुसत्या बिनसाखरेच्या चहावर राही, आईच्या वेळेपासूनचा नेम. मधुमेहाची गोळी मात्र त्या दिवशीही सकाळी वेळेवर घेई. उपास देवाचा, गोळी डॉक्टरची, दोन्ही चुकवायचं नाही, असा त्याचा हिशेब. रेखाने कितीदा सांगितलं होतं की या दोन्हींचं एकमेकांशी जमत नाही. तो हसण्यावारी नेई.

ऊन कलायला लागलं आणि समोरून धूळ आली. आधी क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली, मग भिंतच रस्त्यावर चालत आली. पुढच्या ट्रकचे लाल दिवे विझल्यासारखे झाले. उंट रस्त्यावर येऊ नयेत म्हणून कडेला घातलेलं कुंपण एका जागी तुटलेलं रेखाला दिसलं.

"अहो, थांबू या का? दोन घास खा. गणपती काही रागावणार नाही."

"चंद्र उगवू दे."

"या धुळीत चंद्र कुठला दिसणार!"

उदयने गाडी तशीच पुढे काढली. त्याच्या कपाळावर एसीतसुद्धा घाम होता. घंटी वाजत होती, ती थांबली. रेखाला बरं वाटलं, हळू चालवतोय म्हणून. मग एकदम परत वाजायला लागली, आणि गाडी रेघ सोडून डावीकडे सरकली. मागून टँकरने असा हॉर्न दिला की काच थरथरली.

"अहो!"

"आईला सांग, दार उघड," उदय म्हणाला. आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

रेखाने बाजूनेच स्टिअरिंग धरलं आणि त्याचा पाय लाथेने ॲक्सिलरेटरवरून उडवला. गाडी कडेच्या रेतीत जाऊन आचके देत बंद पडली. उदयची मान छातीवर पडली होती. तिने मागून साखरेचा डबा ओढला, बोट ओलं करून त्याच्या गालाच्या आत, हिरड्यांना साखर चोळली. त्याने डोळे उघडले नाहीत. फोनला रेंज नव्हती. पदर फडकवावा तसा अबायाचा घोळ हलवत ती रस्त्याकडेला उभी राहिली, पण धुळीत गाड्या नुसत्या आवाजाने कळत होत्या. एक ट्रक हायेसला चाटून गेला. इथे थांबलं तर हा साखर उतरून मरेल, नाहीतर दोघं ट्रकखाली मरू, एवढं तिला स्वच्छ कळलं.

काखेत हात घालून तिने त्याला दोन सीटांच्या मधून गादीवर ओढलं. मग डाव्या सीटवर बसली. "गणराया, तू बघतोयस," एवढंच म्हणाली. गिअर उजव्या हाताला होता, सवय नव्हती. पहिल्यांदा गाडी धक्के खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली.

थोड्या वेळाने एक काळी सबर्बन बाजूला आली. काच खाली झाली, आतल्या माणसाने रेखाकडे बघितलं आणि बघतच राहिला. मग तो मागे गेला आणि हायेसच्या मागेच लागला, दिवे वर-खाली करत. रेखाने आरसा फिरवून टाकला. वाटेत पेट्रोल पंपाचे दिवे दिसले. तिथे वळून कुणातरी पुरुषाच्या हवाली गाडी करता आली असती, कुणाला काही कळलं नसतं. पण ॲम्ब्युलन्स पुढच्या पोलीस चौकीवर उभी असते, हे तिने कितीतरी फेऱ्यांत बघून ठेवलं होतं. ती वळली नाही.

चौकीवरच्या पोरसवदा पोलिसाने इकाम्यासाठी, राहण्याच्या परवान्यासाठी, हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला. मागून सबर्बनवाला उतरून मोठमोठ्याने बोलू लागला. पोलिसाने खाली उतर म्हणून खूण केली, मग चावी मागितली.

"मुस्तश्फा!" रेखा ओरडली. "हॉस्पिटल! आधी नवरा!" तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. ती हलली नाही. शेवटी ॲम्ब्युलन्समधला मल्याळी नर्स धावत आला आणि त्याने मागचं दार उघडलं. उदयला स्ट्रेचरवर घेतलं, हातात सुई गेली.

"जिंदा है?" तिने विचारलं.

"जिंदा है, बहनजी. शुगर बहुत कम है. नाम पूछा तो बोला, रेखा. मैंने कहा, तुम्हारा नाम!"

रेखाला हसू आलं आणि रडूही. ॲम्ब्युलन्सचा दिवा धुळीत उजवीकडे बुरैद्याच्या फाट्याला लागल्यावर तिने चावी पोलिसाच्या हातावर ठेवली.

तिला जीपमध्ये मागे बसवलं. "कफील?" पोलिसाने पुढून विचारलं. तिने उदयच्या कफीलचं, म्हणजे त्याला इथे कामावर आणणाऱ्या बँकेचं नाव सांगितलं. तो दुसऱ्याशी काही बोलला, ते तिला कळलं नाही.

"माझ्या नवऱ्याला उजवीकडे नेलंय," ती आधी मराठीत, मग हिंदीत म्हणाली, हाताने दाखवून.

कुणी मागे बघितलं नाही. जीप डावीकडे वळली.