दीप्तीचे पॉइंट त्रेसष्ट

शाहूवाडीची दीप्ती म्हणजे मोडेल पण वाकणार नाही असली पोरगी. आजी सोनूबाई म्हणायची, ही पाळण्यातसुद्धा हट्टानंच रडली. चिखलात भाताची लावण करणाऱ्या घरातली ही पहिलीच पोर कोल्हापुरात एम.एस्सी.ला आली, कॉलेजच्या वसतिगृहात राहिली आणि प्रकल्पाला विषय घेतला तोही भांडणाचा: पोरींना सोशल मीडियाचं व्यसन किती?

आधी तिनं सरळ विचारलं, ‘व्यसन आहे का? होय की नाही?’ सगळ्याजणींनी ‘नाही’वर खूण केली. खोटारड्या कुठल्या. मग तिनं तो कागद फाडला आणि नवा केला. फोन जवळ नसला की जीव कासावीस होतो? जरा, बऱ्यापैकी, का लय? आता पोरी खरं सांगायला लागल्या. होय आणि नाहीच्या मधलं मोजणारं तिचं फझी लॉजिक म्हणजे तरी दुसरं काय? भात एकदम शिजत नाही, शीत दाबून किती कच्चं ते बघावं लागतं. तसा प्रत्येकीला, खुद्द दीप्तीलाही, शून्य ते एकच्या मधला व्यसनाचा आकडा मिळाला. नाव कुणालाही कळणार नाही, असा शब्द तिनं एकशे ऐंशी पोरींना दिला होता.

प्राचार्य गणपतरावांना याचा सुगावा लागला. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

“पॉइंट पाचच्या वरच्यांची यादी दे. वसतिगृहातनं काढतो त्यांना. बाकीच्यांना वचक बसंल.”

“सर, पॉइंट एकोणपन्नास आणि पॉइंट एक्कावन्नात फरक काय हाय?”

“शहाणपण नको. उद्या यादी न्हाय, तर प्रकल्पावर सही न्हाय.”

सही नाही म्हणजे वर्ष बुडालं. संध्याकाळी दीप्तीनं वडिलांना, आबांना, फोन लावून सगळं सांगितलं.

“तू शब्द दिलास न्हवं?” आबांनी विचारलं.

“व्हय.”

“मग झालं की.”

सकाळी तिनं प्राचार्यांपुढं कागद ठेवला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. त्यावर एकच नाव होतं: दीप्ती, पॉइंट त्रेसष्ट.

“बाकीच्या कुठं हायत?”

“त्यांची नावं द्यायचा हक्क मला न्हाय. माझं दिलंय. पॉइंट पाचच्या वर हाय, काढा मला. बॅग भरून आणलीया.”

“वर्ष जाईल, पोरी.”

“वर्ष परत येतंय, सर. शब्द येत न्हाय.”

गणपतरावांनी सही केली नाही. दीप्तीनं बॅग उचलली आणि शाहूवाडीची एसटी धरली.

गाडी सुटली तसा फोन वाजायला लागला. वसतिगृहातल्या पोरींचे मेसेजवर मेसेज. दीप्ती एकेकीला उत्तर देत बसली. त्रेसष्टाचे सत्तर झाले असतील. होऊ देत की.