सोबतीला सोड्याची बाटली

“सोबत कोण?” आमच्या सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवरून मी प्रत्येक पेशंटला विचारते. मामा पिशवीतून सोड्याची बाटली काढून माझ्यापुढे ठेवायचे. “हिच्याबिगर कोन हाय, ताई?”

मामा टेंभुर्णीकडचे. जन्मभर मेंढरं राखली. बायको गेली, मेंढरं विकली आणि मग यकृतात गाठ निघाली. केमो संभाजीनगरला आणि तपासणीला नवीन जालन्यात आमच्याकडे. यायचे एकटेच.

सोड्याची भानगड तुम्हाला सांगायलाच हवी. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी त्यांना एका नव्या संशोधनाबद्दल सांगितलं होतं. रक्तात बारीक बुडबुडे मिसळायचे आणि गाठीवर नेमका ध्वनिलहरींचा मारा करायचा. बुडबुडे थरथरतात, पेशींचं आवरण सैल होतं आणि औषध आत शिरतं. आपल्याकडे ते अजून नाही, हेही डॉक्टर म्हणाले होते. तेवढं मात्र मामांच्या कानात शिरलं नव्हतं.

पहिल्याच खेपेला ते अख्खी बाटली रिचवून टेबलावर आडवे झाले. पोटात नुसता गॅस, पडद्यावर काही दिसेना. आमच्या डॉक्टर मॅडम चिडल्या. “मामा, उपाशीपोटी या म्हटलं होतं ना?”

“बुडबुडे लागतेत म्हने,” मामा म्हणाले. “मेंढरू दवा तोंडातच धरून ठिवतं. गळा चोळला मंग गिळतं. तसं तुमचं मशीन चोळा की गाठीवर, बराबर गिळंल ती.”

मॅडमना हसू आलं, पण ते टिकलं नाही. आमचं मशीन फक्त बघतं, करत काही नाही, असं त्यांनी समजावलं.

तरी पुढच्या खेपेला बाटली होतीच. आता ती तपासणीनंतर उघडायची आणि अर्धी मला. मला सोडा मुळीच आवडत नाही, पण प्यायचे. मामांना घरी जायची घाई कधीच नसे. माझा जीव तुटायचा.

शेवटच्या खेपेला आतून मॅडमचा आवाज आला, “मामांच्या सोबत जे असतील त्यांना पाठवा.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवरून उठले आणि आत गेले. गाठ वाढली होती. औषध लागू पडत नव्हतं.

“पोचून राह्यली का दवा आत?” मी बाहेर येताच मामांनी विचारलं.

“थोडी पोचतेय, मामा.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग बाटली न उघडताच माझ्या हातात दिली. “आज समदी तुम्हीच प्या. तुम्ही आल्त्या ना सोबत.”

त्यानंतर ते आले नाहीत. परवा टेंभुर्णीची एक बाई तपासणीला आली, तिच्याकडून कळलं, मामा गेले. शेवटी त्यांच्या सोबत कोण होतं, हा दिवसभर सगळ्यांना विचारते तोच प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तिला तो विचारवला नाही.