जिच्यावर बैठक बसली

त्या रविवारी दुपारी रत्नाबाईंच्या पडवीत भावकीतले पुरुष सतरंजीवर बसून एका बाईच्या पोटाचा निकाल लावत होते. बांधाचा वाद असला की जसे ऐसपैस बसतात, तसेच बसले होते. जिचं पोट, ती बाई तिथे नव्हती. बाईमाणसाला बैठकीत बोलवायची पद्धत नाही, असं आमच्या रिहे गावात म्हणतात. मी आत कपबश्या पुसत होते, आणि संतापाच्या भरात एक बशी मी इतक्या जोरात ठेवली की ती फुटली. रत्नाबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. आज गडबड करायची नाही, हे आधीच ठरलं होतं.

मी मूळची परभणीची. नोकरी हिंजवडीला, आणि राहायला रत्नाबाईंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं. रत्नाबाई साठी ओलांडलेल्या, अंगानं काटक आणि जिभेनं तिखट. दूध नासलं तरी म्हशीला फैलावर घेतील. यजमान गेणबा आता शांत झालेत, म्हणजे हात उचलायची ताकद राहिली नाही म्हणून. दोन मुली लग्न होऊन गेल्या. ‘पोरगा न्हाई, देवानं दिला न्हाई’ हे वाक्य गावानं रत्नाबाईंच्या नावाला चिकटवून ठेवलेलं. त्यांच्यासाठी किती नवस बोलले गेले, किती गुरुवार धरायला लावले, याला गणतीच नाही. त्या सगळं निमूट करत आल्या. एवढी तिखट बाई याच एका विषयावर गप्प का होते, हे मला कधी कळलं नव्हतं.

शेजारचं घर रत्नाबाईंचे थोरले दीर हैबतराव यांचं. त्यांचा मुलगा इंद्रजित, सून गौतमी, आणि दोन नाती, आरोही व सृष्टी. सासू नाही. सृष्टीच्या वेळी गौतमीचं सिझर झालं, ती मरता मरता वाचली. निदान तीन वर्षं दिवस जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. इंद्रजितला मात्र लगेच मुलगा हवा होता. जमिनीला वारस पाहिजे म्हणे. आता ही जमीन कोणती, तर जिचे प्लॉट पाडून विकायला हाच सगळ्यांत पुढे. आणि कायद्यानं दोन वारस घरात रांगत-खेळत होतेच की. पण मुलींना वारस म्हणायला यांची जीभ रेटत नाही.

हे सगळं बाहेर आलं ते दोन्ही घरांच्या सामाईक उकिरड्यावर. रत्नाबाई शेण टाकायला जायच्या, तिथे त्यांना पौडच्या सरकारी दवाखान्यातल्या, दिवस न जाण्याच्या गोळ्यांची पाकिटं दिसू लागली. भरलेली, एकही गोळी न काढलेली. पौडापर्यंत जाऊन आणलेल्या गोळ्या कोणती बाई न उघडता फेकून देईल? रत्नाबाई घरी कुणाशी बोलल्या नाहीत. ओढ्यावर धुणं धुताना गौतमी एकटी सापडली, तेव्हा त्यांनी विचारलं.

“गोळ्या तू टाकतीस का त्यो टाकतोय?”

गौतमीनं हातातलं लुगडं पिळून दगडावर ठेवलं. मग म्हणाली, “त्येच टाकत्यात, काकी. तांबी बसवली व्हती, ती बी काढून आनायला लावली. माज्यासंगं आत आलं, आन् हिलाच नकोय म्हनून त्येंनीच डॉक्टरला सांगितलं.”

“आन् तू?”

“मी काय बोलनार. आदल्या दिशी मारलं व्हतं.”

तिचा फोन तो तपासायचा. माहेर ताम्हिणीला, दीड तासाच्या वाटेवर, पण मुलगा झाल्याशिवाय तिकडे पाऊल टाकायचं नाही असा हुकूम. आणि रात्री ती नको म्हणाली तर काय व्हायचं, ते ती सांगू शकली नाही आणि रत्नाबाईंनी विचारलं नाही. गावाला विचाराल तर गाव म्हणेल, नवरा-बायकोची खाजगी गोष्ट आहे. खाजगी कसली? बाईच्या गोळ्या फेकून तिला दिवस जायला लावणं ही मारहाणच आहे. वळ दिसत नाही म्हणून ती प्रेमात जमा होत नाही.

रत्नाबाईंनी मला सांगितलं तेव्हा मी तडक पोलिसांत जायला निघाले होते. त्यांनी माझा दंड धरला. “तू जाशील तुज्या खोलीत कडी लावून. ती त्येच्याच घरात ऱ्हानार हाय. आदी तिला इचार, तिला काय पायजे.”

गौतमीला आधी एवढंच हवं होतं, की दिवस जाऊ नयेत. सृष्टीला डोस द्यायचा म्हणून रत्नाबाई तिला घेऊन पौडाला गेल्या. तिथल्या सिस्टरनं रत्नाबाईंनाही बाहेर बसवलं, गौतमीशी एकटीशी बोलली, आणि तीन महिने चालणारं इंजेक्शन दिलं. ते कुणाला उकिरड्यावर टाकता येत नाही, आणि पुढे दर तीन महिन्यांनी रत्नाबाई काहीतरी निमित्त काढून तिला पुन्हा घेऊन जात. नवऱ्याची सही लागत नाही, हेही तिनंच सांगितलं. महिलांच्या हेल्पलाइनला फोन मात्र माझ्या मोबाइलवरून झाला. संरक्षण अधिकारी म्हणून कुणी असतं, तक्रार माहेरी राहूनही करता येते, हे तिथे कळलं. त्यानंतर गौतमी हळूहळू ठरवत गेली. आम्ही घाई केली नाही, आणि मला ते फार जड गेलं.

वर्ष उलटलं तरी दिवस जाईनात, तशी इंद्रजितनं बैठक लावली. हैबतरावांच्या अंगणात बसायचं ठरत होतं. रत्नाबाई डोक्यावर पदर घेऊन पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “आमच्या पडवीत बसा भावजी, च्याचं मी बगते.” सगळ्यांना वाटलं, म्हातारी मान राखते आहे. त्यांचं डोकं वेगळंच चालत होतं. घरातले पुरुष सगळे एका जागी बसलेले असतील आणि तिथून उठणार नाहीत, अशी वेळ गौतमीला हवी होती. तिचा भाऊ दयानंद ताम्हिणीला ढाबा चालवतो. त्याचा टेम्पो शाळेमागे उभा होता. गौतमीची पिशवी आठवडाभर माझ्या कपाटात होती, ती मी सकाळीच त्याच्याकडे पोचवली.

आणि इकडे निकाल सुरू होता. तिचं पौडाला जाणं बंद करा, एक म्हणाला. आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे न्या, दुसरा म्हणाला. हैबतराव म्हणाले, “दिवाळीपातूर बगू. न्हाई झालं तर इंद्रजितला दुसरी करू.” जणू म्हैस आटली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. निकाल आम्ही धरलं होतं त्याहून फार लवकर लागला. टेम्पो अजून रिह्यातच असणार होता. इंद्रजित उठायला लागला.

रत्नाबाई चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात आल्या, ताट खाली ठेवलं आणि तिथेच बसल्या.

“जरा थांबा समदी. माजं यक आयकून घ्या. मला देवानं पोरगा दिला न्हाई म्हंता ना? देवाचा काय संबंद न्हाई. धाकटीच्या येळंला बाळंतपनाला म्हायेरी गेले, तवाच मी आपरेशन करून आले. माज्या आईनं नेलं व्हतं शिबिरात.”

उठायला लागलेला इंद्रजित पुन्हा खाली बसला. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट त्या बाईनं एका टेम्पोला वाट मिळावी म्हणून भावकीपुढे ओतली होती. मग तोंडं सुटली. नवसाचं काय, घराण्याचं काय, वंश बुडवलास. हैबतराव तर पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. रत्नाबाई एकेकाला सावकाश उत्तर देत होत्या, इतक्या सावकाश त्या कधीच बोलत नाहीत.

शेवटी गेणबा बोलले. “मला का न्हाई सांगितलंस?”

“तुमी मला इचारलंत कवा, मला काय पायजे म्हनून?”

गेणबा अजूनही त्यांच्याशी धड बोलत नाहीत. आदी तरी काय मोटं बोलत व्हते, असं रत्नाबाई म्हणतात, पण गेणबांचं ताट वाढताना त्यांचा हात जरा थांबतो, तो मी पाहिला आहे. भावकीतल्या हळदी-कुंकवाला त्यांना बोलावणं येत नाही. दुसऱ्याची सून वाचवायची किंमत ही. मला राग येतो तो या किमतीचा, आणि ती वसूल करणाऱ्यांना आजही काही चुकल्यासारखं वाटत नाही, याचा.

त्या दुपारी सगळं बोलून दमल्यावर हैबतरावांना मूळ काम आठवलं. सुनेला बोलवा, म्हणाले, निकाल तिच्या कानावर घाला. इंद्रजित घरी गेला आणि पांढरा पडून परत आला. गौतमी घरात नव्हती, पोरी नव्हत्या.

“काकी, कुटं गेली ती?”

रत्नाबाई गार झालेल्या चहाचे कप ताटात गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बैटकीला बोलावलं आसतं तिला, तर हितंच आसती.”