खिडकीची जागा

आई गेल्यावर, तिचा विसर पडू नये म्हणून, तिच्याविषयी वहीत लिहायला बसलो. पण ‘आई फार मायाळू होती’ याच्यापुढे पेन सरकेना. तीच वही घेऊन शिरूर–दौंड एसटीत बसलो होतो. शेजारी खिडकीशी एक बाई शेंगा फोडून टरफलं पदरात साठवत होत्या. वहीत डोकावून म्हणाल्या, “भाऊ, मायाळू तर समद्यांचीच आसती. तुमची कशी व्हती?”

“हट्टी,” मी म्हणालो. “एसटीत खिडकी कुणाला द्यायची नाही. मलासुद्धा.”

त्या मोठ्यानं हसल्या. “मंग त्येच लिवा की!”

मी लिहिलं. मांडवगण फराट्याला उतरताना त्यांनी रिकाम्या खिडकीकडे हात केला. “बसा आता तिकडं.”

दौंड आलं, तरी माझ्याच्यानं तिकडं सरकवलं नाही.