खांबावरचा डोळा आणि ब्रेकमास्तर

आमच्या गल्लीत गाडी चालवता येणारा जो कुणी आहे, तो ब्रेकमास्तरांच्या शिव्या खाऊनच तयार झालेला आहे. मीही त्यातलीच. झेरॉक्सचं दुकान टाकायच्या आधी मी त्यांच्याकडे गाडी शिकले आणि त्या काळात जेवढं रडले तेवढं नंतर कधी रडले नाही. मास्तर शेजारच्या सीटवर बसायचे. त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा एक जादा ब्रेक होता आणि तो त्यांना प्राणाहून प्रिय होता. आपण गिअर टाकायच्या आधीच ते ब्रेक दाबून मोकळे. म्हणून त्यांचं नाव ब्रेकमास्तर पडलं. खरं नाव काय, ते त्यांच्या घराच्या पाटीवर आहे, पण ती पाटी कोण वाचतंय?

बायका-मुली शिकायला आल्या की काकू, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, मागच्या सीटवर येऊन बसायच्या. शिकणारीला धीर वाटावा आणि तिच्या घरच्यांना घोर नको, म्हणून मास्तरांनीच हा नियम केला होता. काकू मागे बसून स्वेटर विणायच्या. मास्तर पुढे ओरडायचे, शिकणारी मुसमुसायची आणि काकूंच्या सुयांचा आवाज मात्र एका लयीत चालू असायचा. मास्तरांनी काकूंना शिकवायचा प्रयत्नही लग्नानंतर एकदा केला होता. तो धडा पहिल्याच वळणावर संपला. काकू दार उघडून चालत घरी आल्या आणि मास्तरांना त्या दिवशी बाहेर जेवावं लागलं. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही.

मास्तरांना दुसऱ्याच्या गाडीत बसणं मात्र अजिबात जमायचं नाही. रिकाम्या जागी पाय दाबत बसायचे. भाच्याच्या लग्नाला जाताना त्यांनी व्याह्यांची गाडी अर्ध्या रस्त्यात थांबवली, खाली उतरले आणि उरलेलं अंतर पायी गेले. काकू त्याच गाडीतून पुढे गेल्या, आणि त्यांनी जेवणही उरकून घेतलं.

शाळेजवळच्या उतारावर वेग पकडणारा कॅमेरा बसला तो मास्तरांच्याच हट्टापायी. त्यांनी अर्ज केले, हेलपाटे घातले, अधिकाऱ्यांच्या नाकी नऊ आणले. कॅमेरा लागला त्या दिवशी ते खांबाखाली असे उभे राहिले, जणू त्यांना मुलगाच झालाय. पुढे असाच कॅमेरा आतल्या गल्ल्यांमध्येही बसवायची टूम निघाली. नुसता वेग पाहणारा नाही, तर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस पाहणारा. इथं मात्र गल्ली दुभंगली. मास्तर एका बाजूला, सलूनवाला दुसऱ्या बाजूला.

सलूनवाल्याचं म्हणणं असं की आज तो गाडीचा वेग बघेल, उद्या गाडीत कोण कुणाशेजारी बसलंय ते बघेल. त्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक मान टाकून बसलेलं असतं आणि गळ्याशी वस्तरा असतो, त्यामुळे त्याचं म्हणणं सहसा कुणी खोडत नाही. मास्तर एकटेच खोडायचे. तेही खुर्चीत बसून, तोंडाला साबण लागलेला असताना. ज्याच्या मनात काही काळंबेरं नाही त्याला डोळ्यांची भीती कशाला, हे त्यांचं पालुपद. दोघं महिनोन्महिने भांडले, पण दाढी करायची आणि करून घ्यायची दोघांनीही सोडली नाही.

आता खरी गोष्ट सांगते. मास्तरांचे डोळे गेले होते. अगदी आंधळे झाले नव्हते, पण सगळं धुक्यातून बघितल्यासारखं बघायचे. गल्लीत सगळ्यांना ते कळलेलं होतं. कपड्यांच्या दुकानाबाहेरच्या पुतळ्याला त्यांनी ‘बरं चाललंय ना?’ असं विचारलेलं मी स्वतः पाहिलंय. पुतळ्यानं उत्तर दिलं नाही म्हणून ते दुकानदारावर रुसले. दुकानदारानं बिचाऱ्यानं माफी मागितली, पण खरं सांगितलं नाही. कुणीच सांगत नव्हतं. आम्ही हसायचो, आणि ते समोर आले की स्वतःच नाव सांगून बोलायला सुरुवात करायचो. ज्या माणसानं आपल्याला रस्ता बघायला शिकवलं, त्याला ‘तुम्हाला दिसत नाही’ कुणी म्हणायचं?

एका सकाळी मास्तर तावातावानं माझ्या दुकानात आले. हातात दंडाची फोटोवाली नोटीस, चष्म्याचं निमित्त करून पोस्टमनकडून वाचून घेतलेली. त्यांचीच शिकवणीची गाडी उतारावर वेगानं जाताना कॅमेऱ्यात सापडली होती, आणि वेळ होती त्यांच्या वामकुक्षीची. त्यांचा निष्कर्ष पक्का होता. ते झोपलेले असताना कुणीतरी गाडी चोरतो आणि उठायच्या आत परत आणून ठेवतो. शिवाय चोर त्यांना जरा आवडलेलाही दिसला. गाडी अगदी सरळ लावून गेला होता म्हणाले, ओळीत, आपल्या पोरांना सांगून जमत नाही.

“याचा फोटो मोठा करून दे,” ते म्हणाले, “संध्याकाळी कॅमेऱ्यावर मत घ्यायचंय, त्या सभेत वाटायचाय. गल्लीत कॅमेरा असता तर हा दाराशीच पकडला गेला असता. बघतोच आता सलूनवाला काय बोलतो ते.”

मी कागद काचेवर ठेवला आणि फोटो नीट पाहिला. स्टिअरिंगवर दोन्ही हात जागच्या जागी, मान ताठ, अंगात स्वतःच्या हातानं विणलेला स्वेटर. काकू. गोंधळ व्हायला जागाच नव्हती.

छपाईचं यंत्र बिघडलंय असं मी खोटंच सांगितलं. मास्तरांनी कान लावून पाहिलं आणि यंत्र चालू आहे म्हणाले. कान शाबूत होते. झक मारत छापून दिलं. ते गेल्याबरोबर मी शटर अर्धं ओढून काकूंकडे धावले. काकू शांतपणे भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की सभेला त्याही येतील. मी म्हटलं, तिथं तुमचा चेहरा सगळ्यांना वाटणार आहेत. काकू म्हणाल्या की वाटू देत, किती दिवसांत त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलेलं नाही. आणि पुन्हा भाजीकडे वळल्या. मला पुढे काही विचारायचा धीर झाला नाही.

सभा वाचनालयाच्या हॉलमध्ये संध्याकाळी भरली. मास्तरांनी भाषण सुरू केलं आणि फोटो ओळीनं फिरू लागले. मी एकेकाचं तोंड बघत होते. फोटो हातात आला की माणूस बघायचा, मग मागच्या रांगेत बसलेल्या काकूंकडे बघायचा आणि मग चटकन आपल्या चपलांकडे. कपड्यांच्या दुकानदाराला खोकल्याची उबळ आली. सभेच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून ठेवला, म्हणजे न दिसल्याचं निमित्त तरी राहील. मास्तर आपले चोराच्या धाडसाचं वर्णन करत सुटले होते.

मग फोटो सलूनवाल्याच्या हातात गेला. एवढे महिने तो ज्याची वाट बघत होता, ते आयतं हातात पडलं होतं. कॅमेरा नवराबायकोच्या मधे येतो, एवढं एक वाक्य बोलला असता तर सभा जिंकला असता. त्यानं फोटो पाहिला, मग काकूंकडे पाहिलं.

“यात काहीच दिसत नाही,” तो म्हणाला. “असल्या कॅमेऱ्याचा उपयोग काय?”

काकूंना वाचवून त्यानं मुद्दाही साधला. माझा जीव भांड्यात पडला. पण मास्तरांच्या लाडक्या कॅमेऱ्याला नावं ठेवलेली त्यांना कशी सोसणार? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आरशासारखा स्वच्छ फोटो आहे, म्हणाले. सलूनवाल्याच्या तोंडून मग सवयीनं निघून गेलं, की असेल स्वच्छ तर सांगा, बाई आहे की पुरुष. बोलल्याक्षणी त्यानं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

मास्तरांनी फोटो नाकाशी नेला. मग हात लांब केला. मग दिव्याच्या दिशेनं तिरपा धरला.

“पुरुष,” ते म्हणाले. “मिशा आहेत.”

ती गाडीच्या काचेवरची सावली होती. एरवी गल्ली हसून लोळली असती.

“अहो,” मागून काकू उठून उभ्या राहिल्या. “ती मी आहे.”

मास्तर आवाजाच्या दिशेनं वळले. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो लायसन्सचा. काकू म्हणाल्या, आहे, भावाकडे राहायला गेले होते तेव्हा परीक्षा दिली, पहिल्याच फटक्यात पास झाले. शिकवलं कुणी, हा दुसरा प्रश्न.

“तुम्हीच,” काकू म्हणाल्या. “इतकी वर्षं मागं बसून काय नुसती विणत होते?”

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. डोळ्यांचं ऑपरेशन करायलाच हवं. नंतर डोळ्याला पट्टी असणार. दुसऱ्या कुणाच्या गाडीत हे बसणार नाहीत आणि पट्टी बांधून पायी येता येणार नाही. म्हणून त्या रोज दुपारी दवाखान्यापर्यंतचा रस्ता सरावून ठेवत होत्या. त्या दिवशी परतायला उशीर झाला, हे उठतील या धास्तीनं पाय जरा जोरात पडला. चूक झाली, दंड भरते.

मला वाटलं, आता मास्तर काकूंवर ओरडणार. त्यांनी तोंड फिरवलं ते आमच्याकडे.

“तुम्हाला सगळ्यांना ही ओळखू आली?”

सगळे पुन्हा आपल्या चपलांकडे बघू लागले.

“आणि माझ्या डोळ्यांचं? तेही माहीत होतं?”

सलूनवाला हळूच ‘हो’ म्हणाला. तेवढा तो एकटाच धीराचा निघाला. मी खाली मान घालून बसले होते, आणि माझ्या मुलीचा मास्तरांकडचा तिसरा धडा दोनच दिवसांपूर्वी झाला होता.

“आणि तरी पोरी पाठवत होतात माझ्या शेजारी बसायला?” त्यांचा आवाज चढत गेला, तो आम्हाला ओळखीचा होता, चुकीचा गिअर टाकल्यावरचा. “एखादी कुठं धडकली असती म्हणजे? मला वाईट वाटेल म्हणून? या गल्लीत एवढे डोळे, एकाला तोंड म्हणून नाही. बोलला तो कोण, तर खांबावरचा.”

कॅमेऱ्याच्या बाजूनं यापेक्षा चांगला मुद्दा मी आजवर ऐकलेला नाही. मला लाज वाटली, खरंच वाटली. आम्ही त्यांना जपतोय असं समजत होतो, आणि टाळत होतो तो फक्त स्वतःचा अवघडलेपणा.

क्लास उद्यापासून बंद, डोळे बरे होईपर्यंत, असं मास्तरांनी जाहीर केलं. अध्यक्षबाई मत घ्यायचं विसरल्या आणि कुणी आठवणही करून दिली नाही.

लोक पांगले तेव्हा मास्तर हॉलच्या दारात उभे होते. पुढे पायऱ्या होत्या. इतके दिवस ते त्या कशा उतरत होते देव जाणे, पण आता सगळ्यांना ठाऊक झाल्यावर त्यांचा पाय उचलेना. सलूनवाला हात द्यायला पुढे झाला. मास्तरांनी त्याचा हात बाजूला सारला आणि काकू जिकडे उभ्या होत्या तिकडे आपला हात केला.

“पायरी कुठाय गं?” त्यांनी विचारलं.

“ही पहिली.”

“सांगत चल,” मास्तर म्हणाले आणि पाय पुढे टाकला.