दोन्हीकडून झालेली दुरुस्ती

आमच्या नाट्यगृहात रंगमंचाखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे मुकुट, दाढ्या आणि लाकडी तलवारी असत. त्या खोलीतून मी असंख्य वेळा राजा होऊन वर गेलो, आणि एकदा मिशी सापडली नाही म्हणून राणी होऊन. आता तिथे यंत्रांचं कपाट आहे आणि ते सांभाळायला आमचे तारवाले. 'तारवाले' म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नाही. "तार नाही हो, काच! केसाएवढी काच!" असं ते वीस वर्षं सांगताहेत, आणि लोक "बरं, तारवाले" म्हणून पुढे जाताहेत.

माणूस मोठा उमदा. त्या काचेतून निरोप कसे धावतात ते त्यांनी मला माझ्या भाषेत समजावलं होतं. "प्रकाश सेकंदात अब्जावधी वेळा लुकलुकतो, पण रांगेत, एकामागून एक. विंगेतून नट आल्यासारखा. मध्येच कुणी घुसायचं नाही."

"मग तो आमच्या नटांपेक्षा सभ्य आहे," मी म्हटलं.

त्या दुपारी मात्र तारवाल्यांचा चेहरा उतरला होता. आमचे प्रयोग गावाच्या दुसऱ्या टोकाच्या सभागृहात थेट दिसावेत म्हणून दोन काचांची नवी जोडणी चालली होती. इकडे हे. तिकडे त्यांची मुलगी, नोकरीत नवी, आणि तिच्या शेजारी घड्याळ बघत उभे तिचे साहेब. तीनच्या आत हिरवा दिवा लागला तर नोकरी कायम, नाहीतर नारळ. इकडे बाप बसलाय हे साहेबांना ठाऊक नव्हतं. वशिल्याने पास झाली असं कुणी म्हणू नये, म्हणून मुलीनेच तशी ताकीद दिली होती.

पावणेतीन झाले. दिवा ढिम्म.

"सर, टोकं नीट पुसलीत ना?" फोनमधून मुलीचा आवाज.

"मला विचारतेस... विचारता? पुसायला शिकवलं कुणी तुला... तुम्हाला?"

मी हसू दाबायला भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात वहिनी, म्हणजे तारवाल्यांच्या सौभाग्यवती, डबा घेऊन खाली उतरल्या. जुन्या टेलिफोन कचेरीत त्यांनी उभी हयात माणसं जोडून देण्यात घालवली होती. त्यांनी हलकेच विचारलं, "अहो, इकडचं तोंड तिकडच्या कानाला लावलंय ना?"

"अगं, तेच तर! प्रत्येक यंत्राला एक तोंड, एक कान. पोरगी नेहमी सरळ लावते, मग तोंडासमोर तोंड येतं. म्हणून मी गुपचूप इकडच्या काचांची अदलाबदल केली."

फोनमधून मुलीचा बारीक आवाज आला. "बाबा, अदलाबदल करायला तुम्ही विसरता. म्हणून मीपण इकडे केली."

"म्हणजे पुन्हा तोंडासमोर तोंड!" वहिनींनी कपाळावर हात मारला.

"थांब, मी सरळ करतो!"

"थांबा, मी सरळ करते!"

कुणीच थांबलं नाही. दोघांनीही एकदम सरळ केलं. दिवा ढिम्म. तीनला सहा मिनिटं.

वहिनींनी डबा नवऱ्याच्या दोन्ही हातांत कोंबला. "धरा. खाली ठेवाल तर याद राखा." मग फोनकडे वळून, "पोरी, तू एकटीच बदल. यांचे हात मी अडकवलेत."

साखळदंडातले राजे मी पुष्कळ केले. पण स्वस्थ उभं राहण्याची एवढी यातना मला कधी वठवता आली नाही. तारवाल्यांची बोटं डब्याच्या कडीवर नुसती नाचत होती. तिकडे खटकन आवाज झाला, आणि इकडे टपोरा हिरवा दिवा लागला. मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. सवय!

फोनवर आता साहेब आले. "नमस्कार, बाबा. सगळं ऐकलं मी. वेळेत झालं, नोकरी तिची, चिंता नको. पण अहवालात एक रकाना आहे, मधल्या खोळंब्याला जबाबदार कोण?"

"मी!" बाप ओरडला.

"मी!" मुलगी ओरडली.

"बघा, पुन्हा दोघं एकदम," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "कारण, घरगुती."