पाठीवरचं नाव

या सदरात लोकांच्या भुताखेतांच्या अनुभवांखाली 'जेवण हलकं घेत जा' अशी प्रतिक्रिया टाकणारा जो खवचट माणूस आहे ना, तो मीच. त्यामुळे आज माझ्यावर हसायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नोकरीभर विमा कंपनीत क्लेम तपासले. समोरचा सांगतोय ते खरं नसणार, असं धरूनच फाईल उघडायची... ती खोड निवृत्तीनंतरही गेली नाही.

बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर माझा वन बीएचके आहे. मुलगी कॅनडात. बायको, विजया, गेल्या वर्षी गेली. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात ती औषधाच्या पाकिटावरची स्वतःच्या नावाची चिठ्ठी वाचत बसली होती. म्हणाली, "अहो, घरातल्या प्रत्येक भांड्यावर आपण तुमचं नाव घालून घेतलं. दारावर तुमचं, लाईटबिलावर तुमचं. माझं बघा, शेवटी इथे आलं."

रागाने नव्हे, हसत म्हणाली. मी पडलो पुणेकर... बोलून गेलो, "मग काय आता अंगावर लिहून घेऊ?" ती त्यावरही हसली. ते हसणं वर्षभर माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणून यंदा, एकसष्टाव्या वर्षी, शनिवार पेठेतल्या एका टॅटू स्टुडिओत जाऊन उभा राहिलो. विजयाच्या वहीतली तिची सही सोबत नेली होती, तिच्याच अक्षरात 'विजया'. हातावर घ्यायची छाती झाली नाही. सोसायटीच्या बाकावर बसणारे चार म्हातारे काय म्हणतील! म्हणून पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध काढून घेतली. शर्ट घातला की झाकलं. अक्कल किती ती.

टॅटू काढणारी प्राची म्हणजे अमरावतीहून आलेली पंचविशीतली मुलगी. काम झाल्यावर तिने बजावलं, "काका, ही जखमच आहे असं समजा. दिवसातून तीनदा कोमट पाण्याने, साध्या साबणाने धुवायचं. टिपायचं, पुसायचं नाही. मग मलमाचा एकदम पातळ थर. खाज सुटेल, पण नख लावायचं नाही. कातडी ओढली तर रंगही निघून येतो. घरी लावून द्यायला आहे ना कोणी?"

"आहे की," मी म्हणालो.

चक्क खोटं बोललो. 'नाही' म्हटलं की लोकांचा चेहरा जो होतो, तो मला पाहायचा नव्हता.

माझा उजवा खांदा आखडलेला आहे. डावा हात मागे जातो तो कमरेपर्यंत. शेवटी उलथन्याला मऊ कापड गुंडाळून मलम लावायला लागलो. ते पाठीला कमी आणि भिंतीला जास्त लागायचं. शेजाऱ्यांना सांगायचं तर शर्ट काढून नाव दाखवावं लागणार. कामाच्या बाईंना तर कुठल्या तोंडाने सांगू? तिसऱ्या दिवशी जागा लाल आणि चिकट झाली. प्राचीकडे गेलो तर ती वैतागलीच.

"काका, हे मलम लावलंय की गिलावा केलाय? असंच चाललं तर अक्षरं फुटतील."

घरी येऊन नुसता बसून राहिलो. आयुष्यात एकदा तिचं नाव कुठेतरी लिहून घेतलं, आणि तेही मीच नासवणार होतो.

चौथ्या दिवशी दुपारी जेवून पालथा पडलो. पाठ उघडी, उशाशी मलमाची ट्यूब, दाराला आतून कडी. तासाभराने जाग आली तर आग थांबली होती. कपाटाच्या आरशाकडे पाठ केली, हातात दाढीचा आरसा धरला आणि पाहिलं — नावावर मलमाचा पातळ, एकसारखा थर! ट्यूबचं झाकण घट्ट लावलेलं. मी कुठलंच झाकण घट्ट लावत नाही. त्यावरून संसारभर बोलणी खाल्ली आहेत.

मग क्लेम तपासणारा जागा झाला. खिडक्या बंद केल्या. ट्यूबवर रोज पेनाने नवी खूण करायला लागलो. रोज दुपारी मलम त्या खुणेखाली जायचं. एका दुपारी झोप लागलीच नव्हती. खाली भाजीवाला ओरडत होता, ते नीट ऐकू येत होतं... आणि पाठीवर गार लागलं. दोन बोटं होती. चोळत नव्हती, अलगद टेकत होती. घाबरायला हवं होतं ना? पण सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा डावीकडे."

बोटं डावीकडे सरकली.

मी वळून पाहिलं नाही. का, ते विचारू नका. उशीत तोंड खुपसून रडलो. वर्षभरात मला कोणाचा मायेचा हात लागला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

दहाव्या दिवशी प्राची खूश. "आता कसं मस्त! कोण लावतं?"

"बायको," मी म्हणालो.

"काकूंचा हात एकदम हलका आहे हं."

पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं, "झालं काका, मलम बंद." त्या दुपारपासून कोणी आलं नाही. मी रोज पाठ उघडी टाकून पडायचो. ट्यूबमधलं मलम खुणेपाशीच राहायचं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी जे केलं ते मुलीलाही सांगितलेलं नाही. पाठ खाजवायचा लाकडी पंजा घेतला आणि नावावरची नवी, कोवळी कातडी खरवडली. मुद्दाम. रक्त आलं. पालथा पडून म्हणालो, "विजया, लागलंय गं..." सहा वाजेपर्यंत तसाच पडून होतो.

कोणी आलं नाही.

एका डॉक्टर मित्राला आडून विचारलं. म्हणाला, झोपेत माणूस काहीही करतो. माझा हात तिथवर पोचत नाही, हे त्यानेच मला तपासून सांगितलं होतं. शिवाय त्या दुपारी मी जागा होतो. इतरांच्या असल्या फायली मी दोन मिनिटांत बंद केल्या असत्या. ही होत नाही.

जखम आपोआप भरली, पण 'ज'च्या मधोमध पांढरा चट्टा राहिला. प्राचीने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, काय केलं हे! थांबा, टचअप करून देते. पण मग परत पंधरा दिवस तेच सगळं, धुणं, टिपणं, मलम. काकूंना जमेल ना?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

त्याला आता दीड महिना झाला. रोज दुपारी पालथा पडून विचारतो.